उन्हाची दुर्बीण

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आमच्याकडे छाती पुढे काढून सांगतात. दुर्बिणीपुरतं बोलायचं तर म्हणीचा पहिला अर्धा भाग सोळा आणे खरा आहे. आज आपण जिला दुर्बीण म्हणतो, म्हणजे दोन नळ्यांची, आत प्रिझम बसवलेली, ती जर्मनीतल्या येना गावच्या झाइसच्या कारखान्यातून १८९४ साली बाजारात आली. कल्पना त्याच्याही आधीची, इटलीच्या इग्नात्सिओ पोरोची. त्याने १८५४ मध्येच पेटंट घेऊन ठेवलं होतं, पण प्रिझमला लागते तशी निर्दोष काच तेव्हा कुणाला जमत नव्हती. पुढे ओटो शॉटने येनातच चांगली काच बनवली, एर्न्स्ट आबेने गणित बसवलं, आणि चाळीस वर्षांनी पोरोची कल्पना लोकांच्या डोळ्याला लागली.

म्हणीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल, म्हणजे परभणीबद्दल, मला जे सांगायचंय ते इथल्या उन्हाचं आहे.

माझी दुर्बीण या दोन्ही ठिकाणची नाही. ती जपानची. मुठीत मावते, पर्सच्या आतल्या कप्प्यात चाव्यांशेजारी राहते, वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. कंपनीचं नाव कुठेच नाही. एका बाजूला ६×१५, दुसऱ्या बाजूला जपान, आणि पोटाशी ‘जे-बी’ अशी अक्षरं नि पुढे पुसट झालेला आकडा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून दुर्बिणींची निर्यात जोरात सुरू झाली, तेव्हा माल कुठल्या कारखान्याचा हे कळावं म्हणून असे शिक्के मारत. तपासणीत पास झालेल्या दुर्बिणीवर सोनेरी लंबगोल टिकलीही चिकटवत. माझ्या दुर्बिणीवरची कधीच गळून गेलीय. घाट मात्र ओळखीचा आहे. आजची निकॉन, म्हणजे तेव्हाची निप्पॉन कोगाकु, हिने १९२१ मध्ये मिक्रॉन नावाची इवलीशी प्रिझमची दुर्बीण काढली. तो घाट इतका जमून गेला की तशी दुर्बीण अजूनही विकली जाते, आणि मधल्या काळात जपानमधल्या लहानसहान कारखान्यांनीही तो उचलला. माझी त्यातलीच एक नक्कल. पण नक्कल करणाऱ्याने धातू नि काच यांत कंजुषी केलेली नाही, तेव्हा मला तिचा कमीपणा वाटत नाही.

ती मिळाली संभाजीनगरला, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात. तेव्हा शहर अजून औरंगाबादच होतं. नवरा पाण्याच्या मोटारीचा कुठलासा पार्ट शोधत फिरत होता आणि मी नुसतीच मागून. एका ताडपत्रीवर पाने, बंद व्होल्टमीटर, कुकरच्या शिट्ट्या आणि एकच काडी राहिलेला चष्मा असा संसार मांडला होता, त्यात ही पालथी पडलेली. विकणारा म्हणाला, “मिलिट्रीकी है मॅडम.” जुन्या बाजारातली प्रत्येक दुर्बीण मिलिटरीचीच असते. पंधरा मिलिमीटरच्या भिंगाने कुठली मिलिटरी लढली, हे मनात ठेवून मी भाव विचारला. पंधराशे. मी चालायला लागले. “नक्को जाओ मॅडम, तुमे बोलो.” सहाशेला तुटलं, आणि नवऱ्याला पार्ट मिळाला नाही.

पैसे देण्याआधी मी ती नीट तपासली होती. मोबाइलची बॅटरी पुढच्या भिंगातून आत मारायची आणि मागून, डोळा लांबच ठेवून, पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी. धुरकट पडदा दिसला तर आतल्या ग्रीसचं तेल उडून काचेवर बसलंय असं समजायचं. तेवढं झालं की विजेच्या आडव्या तारेवर नेम धरायचा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून मागे न्यायची. दोन्ही डोळ्यांतली तार एका पातळीत राहिली तर नळ्या जुळलेल्या आहेत. एक वर, एक खाली गेली तर कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवून द्यावी. आपले डोळे अशी दोन चित्रं ओढूनताणून एकत्र आणतात, दुकानात काही कळत नाही आणि अर्ध्या तासाने कपाळ ठणकतं. माझ्या दुर्बिणीत बुरशी नव्हती. उजव्या नळीत धुळीचे दोन कण होते, ते अजून आहेत.

आता त्या ६×१५ कडे येते, कारण सगळी गंमत तिथे आहे. सहा म्हणजे वस्तू सहा पट जवळ आल्यासारखी दिसते, पंधरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पंधराला सहाने भागलं की येतात अडीच. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केली तर मागच्या भिंगात उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो, तो या अडीच मिलिमीटरचा. आतून येणारा सगळा प्रकाश त्या ठिपक्यातून बाहेर पडतो. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात पाच ते सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढेल तशी कमी. आणि रणरणत्या उन्हात ती आकसून दोन-तीन मिलिमीटरवर येते. म्हणजे परभणीच्या दुपारी माझ्या डोळ्याचं दार आणि या दुर्बिणीचा ठिपका जवळजवळ एका मापाचे असतात. उजेड वायाही जात नाही आणि कमीही पडत नाही.

हे मला मोठ्या काकांच्या दुर्बिणीमुळे समजलं. काका पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, जायकवाडीचं काम चालू असताना पैठणला. धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये बसवली, पूर्ण झालं १९७६ मध्ये, आणि काकांची उमेदीची वर्षं त्या मातीच्या बांधावर गेली. त्यांच्याकडे ७×५० ची भलीमोठी दुर्बीण होती, चामड्याच्या पेटीतली. ती कपाटावर असायची. खंडेनवमीला खाली उतरायची, टेप, लेव्हलची पट्टी नि काकांची पेनं यांच्यासोबत पाटावर बसून हळदकुंकू लावून घ्यायची आणि पुन्हा वर. आम्हा पोरांना बघायला मिळायची ती त्या दिवशीच, तीही “पट्टा गळ्यात घाला आधी!” असा दम मिळाल्यावर. एक किलोच्या वर वजन. दोन मिनिटांत हात थरथरायचे.

पन्नास भागिले सात म्हणजे सात मिलिमीटरचा ठिपका. जहाजाच्या डेकवर, पहाटेच्या अंधारात, ताज्या डोळ्यांना ती दुर्बीण सोन्याची. पण पैठणच्या दुपारी बाहुली अडीच मिलिमीटरची असेल, तर त्या सातमधला फक्त मधला अडीचचा भाग डोळ्यात शिरतो, बाकीचा पापणी नि बुबुळावर पडून फुकट. उलट हिशेब केला तर पन्नासच्या भिंगातलं मधलं साडेसतरा मिलिमीटरच कामाला आलं. बाकीची काच काका नुसतीच उचलून धरत होते. हे मी त्यांना एकदा कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण हातात काहीतरी असल्यासारखं वाटतं बघ.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच वाटतं.

मराठवाड्याचं दुसरं दुखणं हवेचं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, सकाळी नऊ-दहा वाजले की काळी जमीन तापून तिच्यावरची हवा उकळायला लागते. अशा वेळी दहा पटीची दुर्बीण लावली तर दहा पट मोठी थरथर दिसते, एवढंच. माळावरची हरणं पाण्यात उभी असल्यासारखी पाय गमावून बसतात, बाभळीचा बुंधा हवेत तरंगतो. सहा पटीला ही थरथर सुसह्य असते, आणि शिवाय हात हलतो तोही सहाच पट. ऑनलाइन दुकानांतून हल्ली “पन्नास पट”, “शंभर पट” असं लिहिलेल्या प्लास्टिकच्या दुर्बिणी येतात, लालभडक चमकणाऱ्या काचांच्या. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांनी कधी ना कधी एक मागवलेली असते. आकडे खोटे असतात, हे एक. दुसरं म्हणजे त्या लाल मुलाम्याने तांबडा प्रकाश बाहेरच परतवलेला असतो, त्यामुळे आत सगळं जग हिरवट-निळं, पित्त झाल्यासारखं दिसतं. चांगल्या भिंगावरचा जुना मुलामा फिकट निळा-जांभळा असतो. तो १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने शोधला. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परत फिरतो, आणि एका नळीत असे दहा पृष्ठभाग सहज असतात, म्हणजे मुलामा नसेल तर तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गेला. माझ्या दुर्बिणीला बाहेरच्या काचांवर तो निळा मुलामा आहे, आत असेल असं वाटत नाही. उन्हात एवढा फरक परवडतो.

एका गोष्टीसाठी मात्र मी इथल्या दुष्काळी हवेचे आभार मानते. मुंबई-कोकणातल्या जुन्या दुर्बिणी उघडल्या की बुरशी ठरलेली. तिकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आमच्याकडे सातशेच्या आसपास, तोही आला तर. पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या मुलखात काच मात्र सुखाने म्हातारी होते. चामड्याच्या पेटीत ठेवू नये, चामडं ओल धरतं. मी पावसाळ्यात स्टीलच्या डब्यात ठेवते, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या टाकून. नवऱ्याने एकदा तो डबा शेवेचा समजून उघडला होता.

ओल नाही तर धूळ. या जुन्या घाटात मधलं चाक फिरवलं की मागची भिंगं आतबाहेर होतात, आणि आत जाताना-येताना नळी श्वास घेते. भाद्रपदात ठीक, पण वैशाखातल्या वावटळीत असा श्वास म्हणजे शेताची माती आत ओढणं. शिवाय चाकाच्या आट्यांतलं ग्रीस पन्नास-साठ वर्षांत वाळून घट्ट झालेलं होतं, दोन बोटांनी चाक फिरेना. आमच्या गावात दुर्बीण दुरुस्त करणारं कुणी नाही. एक जुने घड्याळवाले आहेत, डोळ्याला भिंग लावून बसणारे, त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती पाचेक मिनिटं नुसती फिरवून पाहिली, स्क्रू मोजले, आणि म्हणाले, “मधला आटा खोलतो, धुतो, नवं ग्रीस भरतो. प्रिझमला हात लावणार नाही, बाई. ते ज्याने बसवलं त्यालाच कळतं.” मला हे फार आवडलं. प्रिझम केसभर सरकलं तरी दोन नळ्यांची जुळणी जाते, आणि मग ती पुन्हा आणायला बाक नि उपकरणं लागतात. काय करायचं नाही हे ठाऊक असलेला कारागीर हल्ली विरळा. आता चाक लोण्यासारखं नाही, पण फिरतं. धुळीचे दोन कण त्यांनी तसेच ठेवले. ते चित्रात दिसत नाहीत, फक्त मला ठाऊक असतात.

चष्मेवाल्यांसाठी ही गैरसोयीची आहे, हेही सांगून टाकते. डोळा काचेच्या जेमतेम सेंटिमीटरभर जवळ न्यावा लागतो, मध्ये चष्मा आला तर चित्राच्या कडा कापल्या जातात. मी चष्मा डोक्यावर सरकवते. जवळचा-लांबचा नंबर चाकाने भरून निघतो, सिलिंडरचा निघत नाही. आणि दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील, जे बहुतेकांचे असतात, तर आधी डावा डोळा मधल्या चाकाने स्पष्ट करायचा आणि मग उजवा त्याच्या भिंगावरची कडी फिरवून. ही एवढी गोष्ट न केल्यामुळे कितीतरी घरांत दुर्बिणी “खराब” म्हणून पडून आहेत.

तिची हद्द कुठे संपते ते मला अजिंठ्यात कळलं. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभी राहिले, दुर्बीण लावली, आणि चित्र विझलं. चित्रं जपावीत म्हणून तिथे उजेड मुद्दाम मंद ठेवलेला. बाहुली पाच मिलिमीटरची झालेली आणि दुर्बीण देतेय अडीचचा ठिपका. व्यास निम्मा म्हणजे उजेड पाव. नुसत्या डोळ्यांनी जो मुकुट दिसत होता तोही हरवला. अशा जागी नाटकाला नेत असत तसली दोन-तीन पटीची, गॅलिलिओच्या पद्धतीची साधी दुर्बीण बरी. पण त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी वेरूळला, कैलासाच्या वरच्या कड्यावर अकरा वाजता उभी राहिले तेव्हा हिने सगळी कसर भरून काढली. मंडपाच्या छतावरचं कमळ, त्यावरचे सिंह, आणि शिखराच्या कोपऱ्याकोपऱ्यात अडकून राहिलेले पांढऱ्या गिलाव्याचे पापुद्रे. हे मंदिर एके काळी काळं नव्हतं हे पुस्तकात वाचलं होतं. पापुद्रे पाहिल्यावर ते पटलं. खाली माणसं मान मागे टाकून तेच शिखर पाहत होती, आणि त्यांतल्या कुणाच्याही गळ्यात दुर्बीण नव्हती. देवळं नि लेणी पाहायला दुर्बीण न्यावी हे आपल्याकडे का रुजलं नाही कोण जाणे. पाखरंवाल्यांनीच तिच्यावर मक्ता सांगितलाय.

पाखरंही पाहतेच. आमचा सगळा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता, आणि १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. संभाजीनगरच्या दिल्ली गेटजवळच्या तळ्याला आज त्यांचंच नाव आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तेव्हा नव्हता. १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झालं. हिवाळ्यात सकाळी उन्हं जरा वर आली की काठावर जायचं. वारकरी नावाच्या पाणपाखरांचे काळे थवे, चक्रवाकांच्या तांबूस जोड्या, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. पाचशे मीटरवरचं पाखरू या दुर्बिणीत ऐंशी-पंच्याऐंशी मीटरवर येतं. त्यात रोहित पक्षी ओळखू येतो, त्याच्या पिसांचा बारकावा नाही. ज्यांना तो हवा त्यांनी मोठ्या भिंगाची घ्यावी नि उचलावी. मला हिच्यात आवडतो तो आवाका. हजार मीटरवर एकशे चाळीस मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत बसतो, त्यामुळे ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की तो सगळा वळताना दिसतो, गुलाबी, मग काळा, मग पुन्हा गुलाबी, आणि खाली माळ्यावर गोफण फिरवणारं पोरगंही त्याच चौकटीत. आणि भादव्यात पैठणच्या खालच्या अंगाला उभं राहून धरणाच्या २७ दरवाजांपैकी किती उघडले ते मोजता येतं. मराठवाड्यातल्या माणसाला याहून मोठी करमणूक ठाऊक नाही. मी मोजून काकांना फोनवर सांगायची. ते आकडा ऐकून घ्यायचे आणि कुठल्या साली किती उघडले होते ते ऐकवायचे.

दुर्बीण घेऊन माळावर उभं राहिलं की लोक घाबरतात, हेही इथलंच. समृद्धी महामार्गाच्या मोजणीनंतर तर जास्तच. मोठी दुर्बीण, खांद्याला पिशवी, पायात बूट, म्हणजे जमीन जाणार. ही छोटी हातात लपते, आणि दिसली तरी खेळण्यासारखी वाटते. लोक विचारतात, हात पुढे करतात. मी लगेच देते. चाक कसं फिरवायचं ते दाखवते. म्हाताऱ्या बाया आधी स्वतःचंच घर पाहतात, माणसं शेजाऱ्याचं शेत.

गेल्या हिवाळ्यात येलदरीकडे जाताना एका माळावर मेंढपाळ भेटला. कळप पांगला होता, तो काठीवर रेलून उभा.

“काय बघायलाव, बाई?”

“पाखरं. बघता का?”

त्याने घेतली, पहिल्याच झटक्यात बरोबर धरली, पलीकडच्या टेकाडावरची मेंढरं मनात मोजली, एक कमी आहे म्हणाला, पुन्हा मोजली, मग ती एका खडकाआड सापडली. चेहऱ्यावर पसंती दिसली. दुर्बीण उलटीसुलटी करून पाहिली, परत डोळ्याला लावली.

“हिच्यात रातच्याला लांडगा दिसतो का?”

मी खरं ते सांगितलं. रात्री काहीच दिसत नाही, भिंग लहान आहे, उजेड पुरत नाही. बाहुलीचं गणितही थोडं सांगायला गेले.

त्याने ऐकून घेतलं आणि दुर्बीण माझ्या हातात ठेवली. “मंग दिवसा काय, दिवसा मला दिसतंयच की.”

“ती मेंढी दिसली नव्हती.”

“ती आली असती भूक लागल्यावर,” तो म्हणाला, आणि कमरेची लांब बॅटरी काढून, लावून-विझवून मला दाखवली.